बाजारात न आलेली घोडी

मी एक जुनी मापकाठी आहे. माझ्या अंगावर काय काय आहे ते आधी नीट मोजून सांगते. इंचाइंचाच्या खुणा सहासष्ट. त्यांपैकी सोळा खोल, कारण चार इंचांची एक मूठ धरतात आणि घोड्याची उंची मुठींत सांगायची जुनी पद्धत आहे. वरखाली सरकणारी आडवी पट्टी एक. तळाला पितळी टोपण एक. ओळंबा एक होता. आता त्याची नुसती दोरी राहिली आहे. तडा एक, छत्तिसाव्या खुणेपासून एकेचाळिसाव्या खुणेपर्यंत.

मित्रांनो, सध्या मी गोठ्याच्या आढ्याला दोन दोऱ्यांनी आडवी टांगलेली असते आणि माझ्यावर गोधड्या वाळत घालतात. गोधडी स्वभावाने चांगली असते, पण तिला आपली उंची जाणून घ्यायची हौस नसते. कधी एखादं लेकरू मान वर करून विचारतं, "ह्या रेघा कशाच्या?" सांगणारं जवळ कोणी नसतं. म्हणून मीच सांगते.

माझा जन्म एका चुकीतून झाला. त्या वेळी आपल्या मुलखावर निजामाचं राज्य होतं आणि कचेरीत फसली सन, म्हणजे पिकांच्या हंगामावरून मोजलेलं वर्ष, चालत असे. परभणीजवळच्या पेडगावात व्यंकटराव देशमुखांची पागा होती. तिथे चौदा घोडे बांधलेले असत. त्यांची देखभाल आश्रुबा नावाचा मोतद्दार करी. त्याचे वडील आणि आजेही ह्याच पागेत होते. आश्रुबा अंगाने हलका, बोलायला कमी आणि घोड्यावर बसला की खोगिराचाच भाग वाटे.

परभणीला दर हिवाळ्यात घोडेमेळा भरे. त्यात नवख्या घोड्यांची तिहेरी परीक्षा असे. सकाळी आखाड्यात चालीची परीक्षा, दुपारी रानातली अडथळ्यांची दौड आणि संध्याकाळी मैदानात बांबूंवरच्या उड्या. तिन्ही एकाच दिवशी, एकाच घोड्याने आणि एकाच स्वाराने करायच्या. अडथळे फार उंच नसत, माणसाच्या कमरेएवढेच. पण सकाळी शांत राहायचं, दुपारी धीट व्हायचं आणि संध्याकाळी दमलेल्या पायांनी पुन्हा सावध व्हायचं, हे सगळ्या घोड्यांना जमत नाही.

ह्या परीक्षेसाठी आश्रुबाने आधी एक घोडा निवडला होता, वडिलांनी शिकवलेल्या रीतीने, म्हणजे भोवरे मोजून. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. अमुक जागी असले तर शुभ, तमुक जागी असले तर अशुभ, असं लोक मानत. त्या घोड्याला पाच शुभ भोवरे होते. शिवाय तो पंचकल्याणी होता, म्हणजे चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. त्याला बघायला मानवतहून माणसं आली होती. दौडीत पाचव्या अडथळ्यावर, एका साध्या चरावर, त्याचा पुढचा पाय दुमडला. जीव वाचला, पण तो पुन्हा सरळ चालला नाही.

जिल्ह्याचे सलोतरी, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, दिनकरराव तिथेच होते. त्यांनी पाय चाचपला आणि म्हणाले, "आश्रुबा, ह्याचा खुराच्या वरचा सांधा पहिल्यापासूनच कच्चा आहे. तू ह्याच्या कपाळाकडं बघितलंस. पळायचं होतं ते पायांना."

व्यंकटराव पागेत आले ते दुसऱ्या दिवशी. त्यांनी आवाज चढवला नाही, हेच वाईट होतं.

"आश्रुबा, मी हैदराबादेत मोटार बघून आलोय. तिला भोवरे नसतात."

"जी, मालक."

"एक घोडा अजून निवड. पुढच्या मेळ्यात पहिल्या तिनांत आला तर पागा राहील. न्हाई आला तर सगळी जनावरं विकीन आन् पागेत मोटार उभी करीन. मग तुला शेताचं काम देईन, उपाशी न्हाई ठेवणार."

आश्रुबा मान हलवून निघाला आणि सरळ दिनकररावांकडे गेला. तिथे माझी योजना ठरली. पेडगावच्या मुंजाजी सुताराने मला शिसवीतून काढलं. खुणा करायला तो स्वतःची मूठ धरू लागला, तेव्हा दिनकररावांनी त्याच्या हातात लोखंडी फूटपट्टी दिली.

मुंजाजी चिडला. "माझ्या मुठीला काय झालंय? चाळीस वर्षं दारं हिच्यावर बसवलीत."

"मूठ चांगली आहे, मुंजाजी. पण दुसऱ्याची मूठ निराळी असते. घोडा पेडगावात मोजला काय आन् परभणीत मोजला काय, माप एकच आलं पाहिजे."

मुंजाजीने खुणा पट्टीने केल्या. मात्र पितळी टोपण त्याने स्वतःच्या मनाने बसवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या हिवाळ्यात वालूरच्या जनावरांच्या बाजारात बन्सीधर नावाच्या दलालाने सात घोडे आणले होते. व्यंकटराव, आश्रुबा आणि मी, तिघं तिथे गेलो. आश्रुबाने प्रत्येक घोड्याला टणक जमिनीवर चौरस उभं केलं. मला खांद्यापाशी उभं धरलं. ओळंबा स्थिर झाल्यावर आडवी पट्टी घोड्याच्या खांद्यावर टेकवली. मेळ्याचा नियम किमान चौपन्न इंचांचा होता. सातही घोडे त्यात बसले. उंचीत कोणीच हरत नव्हतं, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

मग तो मला ओळंब्यासारखं पायांसमोर धरून पाय सरळ आहेत का ते बघू लागला. पहिल्या काळ्या घोड्याचे गुडघे आत वळलेले होते. दुसरा रहवाल चालीचा होता. असल्या घोड्यावर बसून तुम्ही हातात पाण्याचा पेला धरला तरी सांडत नाही, म्हणून लोक वाहवा करत होते. पण रहवाल शिकलेल्या घोड्याला नीट दुडकी येत नाही, आणि आखाड्यात कदम, दुडकी, धाव तिन्ही वेगवेगळ्या दाखवाव्या लागतात. तिसऱ्याला घाम फार लवकर आला.

आश्रुबाची पुढची तपासणी धुळीवर होती. तो घोड्याला सैल लगामाने चालवी आणि मागे जाऊन ठसे मोजी. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापर्यंत पोचत नसेल तर पाऊल आखूड. ठशावर पडला तर बरं. पुढे पडला तर किती इंच पुढे, ते माझ्यावर मोजायचं. सातांपैकी एकाचाही खूर दोन इंचांपेक्षा पुढे पडला नाही.

बन्सीधर हसत होता. "अहो आश्रुबा, गिऱ्हाईक वर बघतंय का खाली? घोडा वर हाय!"

"खालचा घोडा खरा बोलतो, शेठ," आश्रुबा म्हणाला.

शेवटची तपासणी माझ्यासाठी कठीण होती. त्याने मला दोन दगडांवर आडवं ठेवलं, जमिनीपासून वीतभर उंच. घोडा माझ्याकडे बघतो का, पाय उचलतो का, की घाबरतो, एवढंच त्याला बघायचं होतं. चौथा होता तांबडा काठेवाडी. कान असे वळलेले की टोकाला टोक लागे. व्यंकटरावांचं मन त्याच्यावर बसलं होतं. तो मान उंच ठेवून आला, माझ्याकडे बघितलंच नाही आणि पुढचा खूर माझ्यावर आपटून गेला. माझा तडा तो हाच.

"काठी मोडली तर मोडली," व्यंकटराव म्हणाले. "घोडा रुबाबदार हाय."

"मालक, पाय कुठं पडायलाय ते त्यानं पाह्यलं न्हाई. चरावर बी असंच करंल."

 उरलेल्या तिघांपैकी एक माझ्यापासून दहा हात दूर थांबला, एक उलटा फिरला, आणि एकाने उडी मारली ती इतकी उंच की त्याचा माणूस खाली आणि लगाम वर. आश्रुबाने कपाळावरचा घाम पुसला. सात घोडे झाले होते आणि बाजार उठत आला होता.

तेवढ्यात वाटेने मेंढरं आली. मागे बायनाबाई नावाची धनगरीण होती आणि तिच्यामागे, कोणी न धरलेली, एक भुरकट घोडी. घोडीच्या पाठीवर उलटी बाज, बाजेत दोन कोंबड्या, एक नवं कोकरू आणि एक मोठा हंडा. मला दगडांवरून उचलायचं सगळे विसरले होते. वाट माझ्यावरूनच होती. अचानक एक कोंबडी फडफडली आणि हंडा दणदणत खाली पडला. बाजारातले सगळे घोडे उधळले. भुरकट घोडी थांबली. हंडा घरंगळायचा थांबेपर्यंत तिने वाट बघितली. मग तिने नाक खाली आणून माझा वास घेतला, एक एक करून चारही पाय उचलले आणि मला न शिवता पलीकडे गेली.

आश्रुबा गुडघ्यावर बसला होता. तो घोडीकडे बघत नव्हता, तिच्यामागच्या धुळीकडे बघत होता. त्याने मला उचललं आणि ठशाशेजारी ठेवलं. पाठीवर ओझं असताना तिचा मागचा खूर पुढच्या ठशाच्या साडेपाच इंच पुढे पडला होता.

"बाई, जरा थांबा. घोडी द्यायची का?"

"कुणाला?"

"पेडगावच्या पागेला."

"पागेत कोंबड्या हायत का? तिला कोंबड्याबिगर करमत न्हाई."

बन्सीधर पोट धरून हसला. आश्रुबाने तिला टणक जमिनीवर उभं केलं आणि मोजलं. चौपन्न आणि पाव इंच. पाय सरळ, खूर काळे आणि घट्ट, दातांवरून वय सात वर्षं. व्यंकटराव पुढे आले आणि एकदम मागे सरकले.

"आश्रुबा, उजव्या खांद्याखाली बघ. भोवरा हाय. असला भोवरा असलेलं जनावर कुणी दारात बांधत न्हाई."

बायनाबाईने कमरेवर हात ठेवले. "मालक, त्या भोवऱ्याला पाय लावून माझी तीन लेकरं मोठी झाली. थोरली ह्याच वालुरात नांदायलीय, तिला दोन लेकरं हायत. अजून काय व्हायचं ऱ्हायलंय ते सांगा."

 व्यंकटरावांनी आश्रुबाकडे बघितलं. "पाच भोवऱ्यांचा घोडा तूच आणला होतास."

"जी. म्हणूनच म्हणतो, मालक. हीच घ्या. चुकलो तर तुमची मोटार मी रोज पुसीन."

बायनाबाई पैशाला तयार होईना. पैसा हंडा उचलत नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी बदल्यात पागेतली दोन दणकट तट्टं ठरली. तिने दोघांच्याही पाठीवर कोंबड्या बसवून बघितल्या, मगच होकार दिला. शिवाय एक अट घातली, की भुरी कशी आहे ते बघायला ती वाटेल तेव्हा येणार.

मित्रांनो, निवड ही अर्धी गोष्ट असते. उरलेले अकरा महिने मी पागेच्या दाराशी उभी राहून बघितले. पहिला महिना आश्रुबाने भुरीला फक्त चालवलं, रोज चार कोस. मग गोल फिरणं, मग दुडकी, मग धाव. पेडगावच्या स्टेशनात गाडी येई तेव्हा तो तिला रुळांपासून पन्नास पावलांवर उभी करी. इंजिनाने वाफ सोडली तरी ती गवत खात राही. पाणी, चिखल, बांध ह्यांचं तर तिला काही शिकवायचंच नव्हतं.

खोड एकच होती. मेंढराचा आवाज आला की ती जिथल्या तिथे थांबे आणि शेवटचं कोकरू पुढे जाईपर्यंत हलत नसे. सात वर्षं तेच तिचं काम होतं. पागेतल्या बाकीच्यांनी चाबूक सुचवला. आश्रुबा म्हणाला, "इमानदारीला चाबूक कसा मारू?" तो रोज सकाळी तिला कळपांमधून नेऊ लागला. विसाव्या दिवशी ती न थांबता चालत राहिली, फक्त एक कान मेंढरांकडे ठेवून. तो कान पुढेही कधी सरळ झाला नाही, आणि आश्रुबानेही त्याचा आग्रह धरला नाही.

मेळ्याचा दिवस उजाडला. परभणीच्या मैदानावर एकोणीस घोडे होते, रेशमी गोंडे आणि चांदीच्या साखळ्यांचे. नाव लिहिणाऱ्या कारकुनाने भुरीकडे बघून विचारलं, "सामानाची घोडी बाहेर बांधा. परीक्षेचा घोडा कुठाय?"

"हीच," आश्रुबा म्हणाला. "नाव भुरी."

"नुसतं भुरी? पुढं-मागं काही?"

"मागं मी हाय," व्यंकटराव गुरकावले. "लिवा."

मग उंची. कारकुनाने तिथेच, आदल्या दिवशी पाणी मारलेल्या मातीत तिला उभं केलं आणि मेळ्याची काठी लावली. "त्रेपन्न आणि अर्धा. कमी भरली. नाव खोडा."

व्यंकटरावांच्या हातात मी होते. त्यांची बोटं माझ्याभोवती इतकी आवळली की मला तड्यापाशी दुखलं. आश्रुबाने मात्र आवाज खाली ठेवला. "साहेब, काठी वर उभी हाय आन् घोडी मातीत रुतली हाय. खूर बघा."

पंच घोडदळातले एक निवृत्त रिसालदार होते. पांढरी दाढी, बोलणं दखनी. ते खाली वाकले, बोटाने खुराची खोली बघितली आणि म्हणाले, "बात सही है. फरशी पर लाओ, फिर से नापो." पाण्याच्या टाकीजवळ दगडी फरशी होती. तिथे भुरीला उभं केलं. आधी मेळ्याची काठी लावली, मग खात्रीसाठी मला. मी आजवर कधी इतकी सरळ उभी राहिले नसेन. दोन्ही काठ्यांवर एकच माप आलं: चौपन्न आणि पाव. कारकुनाने खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं.

ह्या परीक्षेत चुकांचे वजा गुण मोजत. ज्याचे सगळ्यात कमी, तो पहिला. सकाळच्या चालीत भुरी आठवी आली. तिची मान मोरासारखी वळत नव्हती. पण तिन्ही चाली वेगळ्या दिसल्या, आणि थांब म्हटल्यावर ती चार पायांवर अशी थांबली की नाकावर माशी बसली तरी हलली नाही.

"आठवी," व्यंकटराव पुटपुटले. "आठवी म्हणजे मोटार."

दुपारी दौड. अडीच मैलांची वाट, चौदा अडथळे, दहा मिनिटांची मुदत. तुराट्यांची कुंपणं, बांध, चर, कडब्याच्या पेंढ्यांची रांग आणि नवव्या जागी ओढा. व्यंकटराव ओढ्यापाशी उभे होते. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. "ती काठी द्या मालक, माझा गुडघा दुखायलाय." बायनाबाई पोचली होती. मला टेकून ती दरडीवर उभी राहिली, आणि मला सगळं दिसलं.

भुरीच्या आधी बारा घोडे आले. पहिल्या दोघांनी पाणी इतकं गढूळ केलं की तळ दिसेना. पाच जण पार झाले. चार जण काठावर अडले आणि कसेबसे गेले. दोन स्वार पाण्यात पडले. तांबडा काठेवाडीही होता, आता दुसऱ्या कोणाचा. तो शेवटपर्यंत उतरलाच नाही.

मग भुरी आली. एक कान पुढे, एक बाजूला. आश्रुबाचे हात सैल होते. काठाशी येताच तिने धाव कमी केली आणि मान खाली घातली.

"थांबली!" व्यंकटराव ओरडले. "आश्रुबा, चाबूक! चाबूक मार!"

"गप ऱ्हावा, मालक," बायनाबाई म्हणाली. "ती पाण्याला इचारायलीय."

विचारायला भुरीला एक श्वास लागला. उत्तर मिळालं तशी ती पाण्यात उतरली, पोटापर्यंत भिजली, चार ढांगांत समोरची दरड चढली आणि कडब्याच्या पेंढ्यांवरून अशी गेली जणू पेंढ्याच खाली बसल्या. व्यंकटरावांनी फेटा काढून हवेत फिरवला. बायनाबाईने मला इतकं जोरात जमिनीवर आपटलं की पितळी टोपण मातीत रुतलं. "बघा! कोंबड्या असत्या तरी पडल्या नसत्या!"

संध्याकाळच्या उड्यांआधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण निकालानंतर कोणी ऐकत नाही. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू असेल, तर ती चुलीत घालण्याआधी तिच्यावरच्या खुणा एकदा वाचा. आणि एखादं जनावर घरी आणाल तेव्हा रंग, रुबाब आणि भोवरे बघण्याआधी त्याचे पाय बघा, त्याचा स्वभाव बघा. आणल्यावर त्याला घाई करू नका. त्याला विचारायला वेळ द्या.

मैदानात आठ अडथळे मांडले होते. दिवसभर दमलेल्या घोड्यांचे पाय आता जड झाले होते आणि बांबू खडखडत पडत होते. भुरीची पाळी आली तेव्हा व्यंकटराव डोळे मिटून बसले आणि बायनाबाई त्यांना मोजून सांगत राहिली. एक. दोन. तीन. आठपर्यंत तिचा आवाज बदलला नाही.

दिवे लागायच्या आत रिसालदारांनी मांडवासमोर कागद उघडून निकाल वाचला. एकूण घोडे एकोणीस. तिन्ही परीक्षा पुऱ्या केलेले अकरा. भुरी, पेडगाव: चालीचे वजा गुण चौतीस, दौडीचे शून्य, वेळ नऊ मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, उड्यांचे शून्य, एकूण चौतीस. तिच्याखालच्या, म्हणजे दुसऱ्या आलेल्या घोड्याचे एकूण वजा गुण एक्केचाळीस.